कुरुळी ते फ्रँकफर्ट: अंतर तेच, वेळ बदलती

पुणे–नाशिक रस्त्याने मोशी सोडली, इंद्रायणी ओलांडली आणि चिंबळी फाटा मागे टाकला की कुरुळी येते. खेड तालुक्यातले हे गाव चाकणच्या कांदाबाजाराच्या हाकेच्या अंतरावरचे. आज एमआयडीसीच्या तिसर्‍या टप्प्यातल्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्याचा टपालपत्ता 'कुरुळी आणि निघोजे, तालुका खेड' असा लिहिला जातो. कंपनीचे मुख्यालय जर्मनीत, श्टुटगार्टला. शेजारी निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडीच्या शिवारात फोक्सवॅगनचा कारखाना. त्याचे मुख्यालय वोल्फ्सबुर्गला. या पट्ट्यातल्या कितीतरी माणसांचा कामाचा दिवस त्यामुळे जर्मनीच्या घड्याळाशी बांधला गेला आहे. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा झालेले असतात.

पुण्याचे लोहगाव विमानतळ आणि फ्रँकफर्टचे विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे 6,700 किलोमीटर. जेट विमान न थांबता गेले तर नऊ तासांच्या आसपासचा प्रवास. जाताना थोडा जास्त, येताना थोडा कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अंतराचा हा आकडा कधीच बदलला नाही. कुरुळीच्या माणसाला तिथे पोहोचायला लागणारा वेळ मात्र कमी झाला, अगदी हाताशी आला आणि पुन्हा वाढला. या चढउताराचा इतिहास विमानाच्या वेगाचा थोडा आहे आणि जमिनीचा पुष्कळ.

वेगाची गोष्ट लवकर संपते. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून आगबोटीने युरोप गाठायला दोन-तीन आठवडे पुरू लागले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपालाची पिशवी आणली आणि टाटांच्या हवाई टपालसेवेचा आरंभ झाला. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत मुंबईहून लंडनला निघाले. 1960 मध्ये एअर इंडियाकडे बोइंग 707 आले आणि ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासचा वेग प्रवाशांच्या हाती आला. त्यानंतर प्रवासी विमानांचा वेग जवळजवळ तिथेच थांबला आहे. आजचे नवे कोरे विमानही साठ वर्षांपूर्वीच्या 707 पेक्षा फारसे लवकर पोहोचवत नाही. त्यामुळे 1960 नंतर कोणत्याही दोन गावांमधला प्रवासाचा वेळ जो काही घटला किंवा वाढला, तो बहुतेक करून खालच्या गोष्टींमुळे: धावपट्टी कुठे आहे, किती लांब आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि तिथपर्यंत जाणारा रस्ता कसा आहे.

पुण्याची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. लोहगावचा तळ 1939 मध्ये, दुसर्‍या महायुद्धाच्या तोंडावर, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांच्या हवाई दलाने उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला आणि आजही त्यांच्याकडेच आहे. सुखोई-30 एमकेआय ही लढाऊ विमाने 2002 मध्ये दलात दाखल झाली ती इथेच. प्रवासी विमाने या तळाच्या कडेला दिलेल्या जागेतून ये-जा करतात. धावपट्टी एकच, लांबी सुमारे 2,540 मीटर. उड्डाणांच्या वेळा ठरतात त्या हवाई दलाच्या सरावाच्या वेळा सोडून. धावपट्टीची दुरुस्ती निघाली तर नागरी वाहतुकीला वाट पाहावी लागते. 2020 च्या ऑक्टोबरपासून वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती आणि 16 ते 29 ऑक्टोबर 2021 या काळात तर विमानतळच पूर्ण बंद ठेवावे लागले.

या तळापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर देशातल्या वाहन उद्योगाचे एक मोठे केंद्र वाढत गेले आणि त्यात जर्मनीचा धागा सुरुवातीपासून होता. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा मालमोटारींचा करार 1954 चा. तेव्हा उत्पादन जमशेदपूरला होत असे. पुढे टेल्कोचा मोठा कारखाना पिंपरी-चिंचवडला आला, आणि 1994 मध्ये मर्सिडीज-बेंझने भारतात कंपनी काढली तेव्हा त्यांच्या पहिल्या गाड्या 1995 मध्ये टेल्कोच्या त्याच आवारात जोडल्या जाऊ लागल्या. पुढे कंपनीने स्वतःची जागा घेतली ती चाकणच्या पट्ट्यात, कुरुळी-निघोज्याच्या हद्दीत. 2009 मध्ये तो कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी 31 मार्चला फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन झाले. 58 कोटी युरोंची गुंतवणूक, सुमारे 230 हेक्टरचे आवार. बजाज ऑटो इथे 1999 पासून होती, महिंद्राही 2010 च्या सुमारास आली. मोठ्या कारखान्यांच्या पाठोपाठ सुटे भाग पुरवणार्‍या लहान-मोठ्या कंपन्या आल्या. या भागात त्यांना नुसते 'व्हेंडर' म्हणतात.

अशा कारखान्याला विमान कशासाठी लागते, हे असेंब्ली लाइनवर उभे राहिल्यावर समजते. मर्सिडीजच्या गाड्यांचे बरेचसे भाग सुटे करून, पेट्यांत बांधून, कंटेनरमधून जवाहरलाल नेहरू बंदरात उतरतात. त्याला 'सीकेडी किट' म्हणतात. जहाजाला काही आठवडे लागतात, म्हणून मागणी महिनेच्या महिने आधी नोंदवलेली असते. पण एखाद्या पेटीतला एक सेन्सर खराब निघाला किंवा वायरिंगच्या जुडग्यात चूक सापडली, की पुढची गाडी जागेवर अडते. शॉपफ्लोअरवर 'लाइन स्टॉपेज'ची भीती सगळ्यात मोठी. स्टोअर्सचा माणूस भागाचा क्रमांक पुन्हा पुन्हा तपासतो, लॉजिस्टिक्सचा माणूस जर्मनीला फोन लावतो, आणि एक बुटाच्या खोक्याएवढे पार्सल विमानाने निघते. नवे मॉडेल सुरू करायचे असेल तेव्हा पार्सलाऐवजी माणसे येतात: डाय बसवणारे, रोबो जुळवणारे, रंगकाम तपासणारे. इथलेही अभियंते तिकडे प्रशिक्षणाला जातात. साधनांची आणि माणसांची ही ये-जा आठवड्याआठवड्याला चालू असते.

2005 च्या डिसेंबरात लोहगावहून परदेशी उड्डाणे सुरू झाली, पण ती दुबई-सिंगापूरच्या बाजूला. युरोपला जायचे तर मुंबईच. कुरुळीहून मुंबईचे विमानतळ रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून घाट सोपा झाला, तरी देहूरोडपर्यंत पोहोचण्याचा वेळ, खंडाळ्याची कोंडी, मुंबईतल्या शेवटच्या टप्प्याची अनिश्चितता आणि तीन तास आधी हजर राहण्याचा नियम हे सगळे धरून माणूस मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी संध्याकाळीच घरून निघत असे. नऊ तासांच्या उड्डाणाआधी सात-आठ तास जमिनीवर जात.

2008 मध्ये लुफ्तान्साने पुणे–फ्रँकफर्ट थेट सेवा सुरू केली. जर्मन विमान कंपनीने मुंबई, दिल्लीसारख्या महानगरांपलीकडे पुण्यालाही यावे, याचे कारण चाकण होते. पुण्याच्या आसपास एकवटलेल्या जर्मन कंपन्यांचे अधिकारी आणि तंत्रज्ञ हे तिचे नेहमीचे प्रवासी. सेवा चालवण्याचे काम प्रिव्हेटएअर या स्विस कंपनीकडे दिलेले होते आणि सुरुवातीला विमानात सगळ्या जागा बिझनेस क्लासच्या, त्याही पन्नासाच्या आत. एरवी शंभर-दीडशे माणसे बसतील अशा विमानात इतकी कमी माणसे बसवण्यामागे चैनीचा भाग होताच, पण एक सरळ भौतिक कारणही होते.

विमान हवेत उठते ते पंखांवरून वाहणार्‍या हवेच्या जोरावर. हवा जितकी विरळ तितका जोर कमी, आणि मग उठण्याआधी जास्त वेग घ्यावा लागतो, म्हणजे जास्त लांब धावावे लागते. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटर उंचावर. तिथली हवा मुंबईपेक्षा विरळ. उन्हाळ्यात ती तापून आणखी विरळ होते. मुंबईची मुख्य धावपट्टी 3,400 मीटरपेक्षा लांब आहे. पुण्याची त्याहून जवळपास एक किलोमीटर आखूड. पूर्ण भरलेले, युरोपपर्यंत पुरेल एवढे इंधन घेतलेले मोठे विमान इथून उडवणे त्यामुळे अवघड. मग वजन कुठून तरी कमी करायचे: माणसे कमी घ्यायची किंवा इंधन कमी घ्यायचे. कमी माणसांचे लहान विमान हा त्यावरचा एक तोडगा. दुसरा तोडगा वाटेत थांबा घेऊन इंधन भरण्याचा, आणि तोही करावा लागला. पुण्याहून निघालेले विमान समोरून येणार्‍या वार्‍याशी झगडत पश्चिमेकडे जाई, तेव्हा मध्येच उतरून टाकी भरून घेई. पुढे बिझनेस आणि इकॉनॉमी अशा दोन्ही वर्गांच्या जागा असलेले बोइंग 737 या मार्गावर आले. थांबा धरूनही हा प्रवास मुंबईमार्गे जाण्यापेक्षा सोयीचा होता, कारण घरापासून विमानतळ तासाभरावर आले होते. आळंदी, चर्‍होली, धानोरी करत लोहगाव गाठता येत असे.

इतकी वर्षे जमिनीवर जाणारा वेळ एका सेवेने वाचवला, हे या भागातल्या उद्योगाने अनुभवले. पण ही सेवा टिकवायला लागणारी धावपट्टी, वेळा आणि जागा यांतले काहीच पुण्याच्या हातात नव्हते. मोठे विमान आणता येत नव्हते म्हणून प्रवासी वाढवता येत नव्हते, आणि प्रवासी वाढत नसल्याने तिकीट स्वस्त होत नव्हते. 2018 च्या डिसेंबरात प्रिव्हेटएअरने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे पुणे–फ्रँकफर्ट मार्गही बंद झाला. 2022 च्या डिसेंबरात विस्तारा या विमान कंपनीने पुणे–सिंगापूर सुरू केले, नंतर दुबई, बँकॉकची उड्डाणे आली. 2024 मध्ये लोहगावला नवे, प्रशस्त टर्मिनल सुरू झाले. टर्मिनल मोठे झाले, धावपट्टी मात्र तेवढीच राहिली. युरोपला जाणारा कुरुळीचा माणूस पुन्हा मुंबईच्या वाटेला लागला, किंवा दिल्ली नाहीतर आखाती देशांत विमान बदलू लागला.

मोठी धावपट्टी चाकणलाच व्हायची होती. पुण्याच्या नव्या विमानतळाची चर्चा दोन दशकांहून जुनी, आणि तिच्यात पहिले नाव चाकणचे होते. कारखाने तिथे, माल तिथे, हवाई दलाचा अडथळा नाही. शिरोली-चांदूसच्या परिसराची पाहणी झाली, नकाशे निघाले, विरोध झाला. मग जागा राजगुरुनगरच्या पूर्वेला सरकली, जिथे निमगाव, दावडी, कनेरसर, केंदूरच्या जमिनीवर विशेष आर्थिक क्षेत्राचा आराखडा होता. तिथूनही ती पश्चिमेला कोये, धामणे, पाईट या डोंगराळ भागाकडे गेली. अखेर तिथल्या डोंगरांमुळे ती विमानतळाला योग्य नसल्याचे ठरले आणि 2016 च्या ऑक्टोबरात सरकारने पुरंदर तालुक्याची घोषणा केली. चाकणच्या उद्योगासाठी मागितलेले विमानतळ पुण्याच्या दुसर्‍या टोकाला गेले.

खेडच्या शेतकर्‍यांनी विमानतळ घालवले, असे सहज म्हटले जाते. ते म्हणणार्‍याने या तालुक्याचा सातबारा आधी वाचावा. चासकमान धरण भीमा नदीवर, भामा-आसखेड भामा नदीवर, कळमोडीचे आणखी वेगळे. या धरणांत गावांच्या जमिनी गेल्या. भामा-आसखेडचे पाणी पुणे शहराला गेले आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन पुढची कितीतरी वर्षे चर्चेत राहिले. मग चाकण एमआयडीसीचे टप्पे एकामागून एक आले. प्रत्येक टप्प्याची सुरुवात 'बत्तीस-दोन'च्या नोटिशीने. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 च्या कलम 32 (2) खाली निघणारा हा कागद म्हणजे तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा, असे विचारणारी नोटीस. या भागात तो आकडा शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो. त्यावर आर्थिक क्षेत्र आले आणि सोबत पंधरा टक्के परताव्याचा प्रश्न आला, म्हणजे घेतलेल्या जमिनीपैकी पंधरा टक्के विकसित भूखंड शेतकर्‍याला परत देण्याचा. तो परतावा मिळवण्यासाठी माणसांना मोर्चे काढावे लागले. एकाच पिढीत धरण, कारखाना, आर्थिक क्षेत्र आणि रुंद होणारे महामार्ग या सगळ्यांना जमीन दिलेल्या तालुक्याने पुढच्या मोजणीच्या वेळी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा होता? तो विश्वास आधीच्या प्रकल्पांनी कमावायचा होता आणि तो कमावला गेला नाही. चाकणचे विमानतळ हातचे जाण्याची डोंगर आणि भूगोल ही अर्धीच कारणे. उरलेले अर्धे कारण हे आहे.

पुरंदरलाही तेच प्रश्न उभे राहिले. पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावे. अंजीर आणि सीताफळाच्या बागा, त्यांच्यासाठी पै-पै साठवून केलेल्या विहिरी आणि शेततळी. 2025 च्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करायला पथके आली तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. त्यानंतर आवश्यक क्षेत्र निम्म्याहून कमी करण्यात आले, मोबदल्याच्या आणि परताव्याच्या अटी बदलण्यात आल्या आणि पावसाळ्यात संमतिपत्रे घेणे सुरू झाले. म्हणजे आधी संघर्ष आणि मग वाटाघाट. उलट क्रमाने हे झाले असते तर दोन्ही बाजूंचे कष्ट वाचले असते.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. या मार्गाच्या दुसर्‍या टोकाला, फ्रँकफर्टला, आज चार धावपट्ट्या आहेत. त्यांतल्या तीन प्रत्येकी 4,000 मीटर लांबीच्या. त्यांपैकी पश्चिमेकडची धावपट्टी 1984 मध्ये सुरू झाली ती मोठ्या लोकचळवळीच्या विरोधानंतर. मोर्फेल्डन-वाल्डॉर्फच्या जंगलात झाडे तुटू नयेत म्हणून आंदोलकांनी लाकडी झोपड्यांचे गावच वसवले होते. 1981 च्या नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवले. धावपट्टी सुरू झाल्यावरही निदर्शने चालू राहिली आणि 1987 मध्ये अशाच एका निदर्शनात दोन पोलिसांचा गोळ्या लागून मृत्यू झाला. 2011 मध्ये चौथी धावपट्टी आली, तेव्हा विमानांच्या आवाजाविरुद्ध लोक दर सोमवारी टर्मिनलमध्ये जमू लागले. त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियमित उड्डाणे थांबली. जगात कुठूनही फ्रँकफर्टला निघणार्‍या विमानाची वेळ त्यामुळे तिथे झोपलेल्या माणसांच्या हक्काप्रमाणे ठरते. पुण्याहून तिकडचे उड्डाण कधी करायचे हे एका टोकाला हवाई दलाचा सराव ठरवत असे आणि दुसर्‍या टोकाला फ्रँकफर्टच्या शेजार्‍यांची झोप. प्रवासाच्या वेळापत्रकात हे दोन्ही लिहिलेले नसतात, पण वेळापत्रक बनते ते यांच्यावरूनच.

आकाशातली वाटही सरळ राहत नाही. 27 फेब्रुवारी 2019 पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, 2022 पासून युक्रेनवरून जाणे थांबले, 2025 च्या एप्रिलपासून भारतीय विमानांना पुन्हा पाकिस्तानचा वळसा घालावा लागू लागला. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कित्येक जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि किटच्या कंटेनरांना दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले. 1869 मध्ये कालव्याने वाचवलेला वेळ कारखान्याच्या हिशेबात पुन्हा खर्ची पडला.

नवी मुंबईचे विमानतळ 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन होऊन त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रवाशांसाठी खुले झाले. मुंबई शहराची कोंडी टाळता येत असल्याने कुरुळीच्या प्रवाशाचा युरोपचा वेळ त्यामुळे थोडा कमी होईल. पुरंदरची धावपट्टी झाली तर युरोपची थेट उड्डाणे पुण्यातून पुन्हा शक्य होतील. पण कुरुळीहून पुरंदरला जायचे म्हणजे अख्खे पुणे ओलांडायचे, आणि चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी एकदा अडकलेल्या कोणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याचे काम झाले नाही, तर विमानात वाचवलेले तास रस्त्यावर घालवावे लागतील.

विमानतळाची जागा ठरवणार्‍या प्रत्येक बैठकीत पहिला नकाशा हवाई अंतराचा मांडला जातो. या सगळ्या हिशेबातून एकच गोष्ट निघते: लोहगाव ते फ्रँकफर्ट हे 6,700 किलोमीटर कोणी कमी करू शकत नाही, कमी करता येतो तो कुरुळीपासून धावपट्टीपर्यंतचा वेळ, आणि तो, ही धावपट्टी ज्यांच्या शेतात होते त्यांच्याशी आधी, पुरेसा आणि प्रामाणिक व्यवहार केल्याशिवाय कमी होत नाही. खेड तालुक्यात डोंगर आडवे आलेच, पण हा व्यवहारही चुकला, म्हणून उद्योगाच्या दाराशी येणारे विमानतळ निघून गेले. पुरंदरमध्ये तो अजून पूर्ण व्हायचा आहे. तिथल्या बागायतदाराला वेळेवर, लेखी आणि पूर्ण परतावा मिळाला, तर पुढच्या पिढीतल्या कुरुळीच्या अभियंत्याला युरोपचे विमान पुण्यातूनच मिळेल.